एकच जागा

फुटबॉलच्या संघात गोलकीपरची जागा एकच असते, आणि या पेशातलं जवळजवळ सगळं सुखदुःख तिथून सुरू होतं. बाकीच्या दहा जणांचं तसं नाही. उजवीकडून खेळणारा डावीकडे सरकतो, मधल्या फळीतला गरज पडली तर मागे येतो, राखीव आघाडीपटू सत्तराव्या मिनिटाला उतरून उरलेल्या वीस मिनिटांत नाव काढू शकतो. राखीव कीपरला कुणी असं वीस मिनिटांसाठी उतरवत नाही. पहिला कीपर नीट खेळतोय तोवर दुसऱ्याने बाकावर बसायचं. त्याची पाळी येते ती बहुधा कुणाचं बोट मोडलं म्हणून, कुणाला लाल कार्ड मिळालं म्हणून, नाहीतर कुणाच्या हातून सोपा चेंडू सुटला म्हणून. ज्याचं काहीतरी वाईट झाल्याशिवाय आपलं भलं होणार नाही, त्याच माणसाबरोबर रोज सकाळी सराव करायचा.

हा सरावही बाकी संघापासून वेगळा चालतो. मैदानाच्या एका कोपऱ्यात दोन-तीन कीपर, त्यांचा प्रशिक्षक आणि चेंडूंची पिशवी. एकाने मारायचं, दुसऱ्याने अडवायचं, मग पाळी बदलायची. सामन्याच्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी दुसरा कीपर पहिल्याला तयार करतो. आधी सरळ हातात बसतील असे चेंडू, मग जरा जोरात, मग खाली कोपऱ्यात, मग क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर येणारे उंच चेंडू. पहिल्याचे हात गरम झाले, नजर बसली, की दुसरा अंगात जॅकेट चढवून बाकावर जाऊन बसतो. मी प्रत्यक्ष सामन्याला गेले की ही वीस-पंचवीस मिनिटं चुकवत नाही. टीव्हीवर ती दाखवतच नाहीत. माझ्या मते कीपरचा पेशा समजून घ्यायचा तर सुरुवात तिथून करावी.

ऑलिव्हर कान आणि येन्स लेमन या दोन जर्मन कीपरचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. २००२च्या विश्वचषकात कान स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. कीपरला तो मान आजवर त्या एकाच वेळी मिळाला आहे. खरं तर त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रिवाल्डोचा साधा फटका त्याच्या हातून निसटला होता आणि रोनाल्डोने गोल केला होता. पुढचा विश्वचषक २००६मध्ये, जर्मनीतच. स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधी जाहीर झालं की गोलमध्ये लेमन उभा राहणार. आपल्याच देशात, आपल्याच प्रेक्षकांसमोर कान बाकावर. उपांत्यपूर्व फेरीत बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटची, म्हणजे आळीपाळीने पेनल्टी मारून निकाल लावायची वेळ आली. तेव्हा कान उठून लेमनपाशी गेला, त्याचा हात हातात घेतला आणि खाली वाकून काहीतरी बोलला. लेमनने दोन पेनल्टी अडवल्या. त्याच्या मोज्यात खोचलेल्या चिठ्ठीवर, म्हणजे अर्जेंटिनाचा कोणता खेळाडू कुठे मारतो याच्या टिपणावर, नंतर भरपूर लिहिलं गेलं. मला त्या चिठ्ठीपेक्षा तो हात मोठा वाटतो. कानच्या मनात काय चाललं असेल ते तोच जाणे. पण दहा-बारा वर्षं ज्या जागेसाठी भांडलो ती हातची गेल्यावरही त्या जागेवरच्या माणसाला बळ द्यायला जाणं सोपं नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात कानला उतरवलं. देशासाठी तो त्याचा शेवटचा सामना.

एमिलियानो मार्टिनेझचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचंच. अर्जेंटिनातून २०१०मध्ये, सतरा-अठराच्या वयात तो लंडनच्या आर्सेनलमध्ये आला. मग ऑक्सफर्ड, शेफिल्ड, रॉदरहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, स्पेनमधलं हेताफे, रेडिंग अशा गावोगावच्या क्लबांत त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, पाठवत राहिले. दरवेळी परत येऊन बाकावर. २० जून २०२० रोजी ब्रायटनमध्ये आर्सेनलचा पहिला कीपर बर्न्ड लेनो उडी मारून खाली येताना गुडघ्यावर वेडावाकडा पडला आणि स्ट्रेचरवरून बाहेर गेला. मार्टिनेझ उतरला. सहा आठवड्यांनी त्याच्या हातात इंग्लंडमधल्या क्लबांचा एफए कप होता, पुढच्या वर्षी दक्षिण अमेरिकी देशांचा कोपा अमेरिका, आणि २०२२च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्याही अगदी शेवटी फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका त्याने डावा पाय लांबवून अडवला. तो पाय आला नसता तर कप फ्रान्सचा होता. हे सगळं लेनोच्या गुडघ्यापासून सुरू झालं. लेनो त्यानंतर आर्सेनलमध्ये परतला, पण दोन वर्षांनी त्याला क्लब बदलावा लागला. दोघांपैकी कुणाचाच यात दोष नाही. जागा एक आणि लायक माणसं दोन, एवढंच.

एदुआर मेंदीच्या वाट्याला तर बाकसुद्धा नव्हता. फ्रान्समधल्या शेरबुर्ग या खालच्या विभागातल्या क्लबबरोबरचा त्याचा करार २०१४मध्ये संपला आणि जवळजवळ वर्षभर त्याला कुणी घेतलंच नाही. बेरोजगारांच्या यादीत त्याने नाव नोंदवलं होतं. हाच मेंदी २०२१मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबकडून चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना खेळला आणि त्यात एकही गोल होऊ दिला नाही. मधल्या त्या वर्षात रोज उठून सराव करायचा तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न मला फार छळतो. धावपटूला निदान घड्याळ तरी सांगतं की तू कुठे आहेस. कीपरला समोरून कुणी चेंडू मारल्याशिवाय स्वतःचा अंदाजही घेता येत नाही.

तिसऱ्या कीपरची तर लोक चेष्टाच करतात. फुकटचा पगार, फुकटची पदकं वगैरे. त्यांना मी १४ ऑक्टोबर २००६चा रेडिंग-चेल्सी सामना आठवायला सांगते. पहिल्याच मिनिटात चेल्सीचा पेत्र चेक चेंडू घ्यायला खाली झेपावला आणि समोरून धावत आलेल्या खेळाडूचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. कवटीला फ्रॅक्चर, तातडीची शस्त्रक्रिया. त्याच्या जागी कार्लो कुदिचिनी उतरला. सामना संपत आला असताना तोही हवेत धडकून बेशुद्ध पडला आणि त्यालाही उचलून न्यावं लागलं. शेवटची काही मिनिटं बचावपटू जॉन टेरी कीपरचा शर्ट चढवून गोलमध्ये उभा राहिला. एका संध्याकाळी दोन कीपर गेले. चारच दिवसांनी चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाशी गाठ होती, आणि बार्सिलोना तेव्हा युरोपचा विजेता संघ होता. गोलमध्ये हिलारियो उभा राहिला. तो पोर्तुगीज कीपर त्या उन्हाळ्यातच, तिसऱ्या क्रमांकावर बसायला म्हणून, क्लबमध्ये आला होता. चेल्सी १-० जिंकली. हिलारियोने काही मागितलं नव्हतं, त्याला कुणी आठवडाभर आधी सांगितलं नव्हतं. तो तयार होता. बाकी सगळी वर्षं तो असाच तयार होता, फक्त ते दिसायचं काही कारण पडलं नाही.

स्कॉट कार्सनबद्दलही मला असंच वाटतं. नोव्हेंबर २००७मध्ये, बावीस वर्षांचा असताना, इंग्लंडने त्याला क्रोएशियाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात उतरवलं. ओलं मैदान, क्रान्यचारचा लांबून मारलेला फटका, चेंडू समोरच टप्पा पडून उसळला आणि त्याच्या हाताला लागून आत गेला. इंग्लंड तो सामना हरलं आणि युरो २००८ या युरोपीय देशांच्या स्पर्धेला पात्र ठरलं नाही. पुढे अनेक क्लब करून २०१९मध्ये तो मँचेस्टर सिटीत तिसरा कीपर म्हणून आला आणि २०२५पर्यंत राहिला. त्या सगळ्या काळात सामने दोन. पण रोजच्या सरावात जगातले उत्तम आघाडीपटू ज्याच्यावर फटके मारून आपला नेम पक्का करत होते, तो कीपर बहुतेक वेळा हाच असणार. त्याने आळस केला असता तर त्यांचा सराव वाया गेला असता. या कामाला मी करिअर म्हणते, पूर्ण अर्थाने.

सामना चालू असतानाही कीपरचं बरंचसं काम असंच न दिसणारं असतं. चेंडू पलीकडच्या टोकाला असला की कॅमेरा तिकडे असतो, त्यामुळे घरी बसून हे कळत नाही. मैदानावर बसून चेंडूकडे न बघता फक्त कीपरकडे बघावं. तो थांबलेला कधी नसतो. चेंडू डावीकडे गेला की तो दोन पावलं डावीकडे, पुढे गेला की पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत पुढे, परत आला की उलट्या पावलांनी मागे. मध्येच मान वळवून पोस्ट कुठे आहेत ते बघून घेतो. आणि बोलत असतो, सतत. मागून माणूस येतोय, बाहेर या, उजवीकडे बघ. बचावपटूने ते ऐकलं आणि दोन पावलं सरकला, तर समोरचा फटका मारतच नाही, चेंडू मागे देतो. अडवलेल्या फटक्याची नोंद होते. न मारल्या गेलेल्या फटक्याची नोंद कुठे करणार?

आणि फटका आलाच, तर त्याआधीचा क्षण बघण्यासारखा असतो. समोरच्याचा पाय चेंडूला लागण्याच्या किंचित आधी कीपर जागच्या जागी एक छोटी उडी घेतो, इंचभराची. पाय खांद्याइतके फाकलेले, भार चवड्यांवर, हात कंबरेच्या पुढे, तळवे अर्धे उघडे. चेंडू सुटतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. ती उडी जरा उशिरा झाली तर पाय हवेत असतानाच चेंडू येतो, आणि हवेतल्या माणसाला ढकलायला जमीनच नसते. 'कीपर जागचा हलला नाही' असं आपण म्हणतो त्या अनेक गोलांमागे एवढंच असतं. झेप सगळ्यांना दिसते, ती छोटी उडी मात्र क्वचितच कुणाला. माझ्या लेखी कसब तिथे आहे.

पेनल्टीत तर वेळच नसतो. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, चेंडू ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात रेषेवर पोचतो. म्हणून कीपर आधीच बाजू ठरवून झेपावतो. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २८६ पेनल्टी तपासल्या होत्या. कीपर जवळजवळ ९४ टक्के वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेपावला होता, आणि मारणाऱ्यांनी मात्र २८-२९ टक्के चेंडू गोलच्या मध्यभागी मारले होते. म्हणजे जागेवर उभं राहणं फायद्याचं ठरलं असतं. मग कीपर का थांबत नाहीत? संशोधकांनी लावलेला अर्थ मला पटतो. झेप घेऊन गोल झाला तर 'प्रयत्न तरी केला' म्हणतात. उभं राहून झाला तर 'नुसता बघत राहिला'. बघणाऱ्यांचा धाक त्या माणसाच्या पायांत उतरलेला असतो.

बघणारे काय करू शकतात ते मोआसिर बार्बोसाच्या बाबतीत दिसलं. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, दोन लाखांच्या आसपास माणसं. विश्वचषकासाठी ब्राझीलला उरुग्वेशी बरोबरीही पुरेशी होती. ब्राझीलने एक गोल केला. मग उरुग्वेचा गिजिया उजव्या कडेने पळत आला, त्याने चेंडू आत दिला आणि शियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला गिजिया पुन्हा त्याच कडेने आला. आता बार्बोसाच्या जागी उभं राहून बघावं. हाच माणूस थोड्या वेळापूर्वी इथूनच चेंडू आत देऊन गेला आहे. मध्ये उरुग्वेचे खेळाडू पुन्हा धावत येत आहेत. कडेवरून थेट गोलवर मारायला कोन फार अरुंद आहे. बार्बोसा क्रॉस अडवायच्या तयारीत जवळच्या पोस्टपासून पाऊलभर सुटला. गिजियाने ते पाहिलं आणि पोस्ट आणि कीपर यांच्यामधल्या फटीत चेंडू मारला. २-१.

मी हे चित्रीकरण कितीदा पाहिलं असेल, आणि दरवेळी माझं मत तेच होतं. बार्बोसाने विचार बरोबर केला होता. चांगला कीपर तिथे तोच अंदाज बांधेल. गिजियाने त्याहून चांगला अंदाज बांधला, याला खेळ म्हणतात. ब्राझीलने मात्र त्याला गुन्हा ठरवलं. दोष मुख्यतः बार्बोसा आणि बचावातल्या बिगोडे आणि जुवेनाल यांच्यावर आला, आणि तिघेही कृष्णवर्णीय होते हा योगायोग मानायला मी तयार नाही. बार्बोसा त्या काळच्या उत्तम कीपरांपैकी एक होता, तरी देशाकडून तो पुढे फक्त एक सामना खेळला. १९९३मध्ये तो राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराला भेट द्यायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत सोडलं नाही. ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, असं तो म्हणायचा. २०००मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी तो गेला.

सोव्हिएत संघाच्या लेव याशिनवरही ही वेळ आली होती. १९६२च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध ४-४ बरोबरी झाली. त्यातला एक गोल थेट कॉर्नरवरून आला. मग चिलीकडून हार. मायदेशात त्याला निकालात काढलं गेलं, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी, १९६३मध्ये, त्याला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. हा पुरस्कार मिळवणारा तो आजवरचा एकमेव कीपर आहे. फरक इतकाच की याशिनला पुढचं वर्ष मिळालं.

एक जमेची बाजू या पेशाला आहे, ती म्हणजे वय. आघाडीपटू तिशी ओलांडली की उतरणीला लागतो, कीपर तेव्हा कुठे जाणता होतो. दिनो झोफला १९७८च्या विश्वचषकात लांबून गोल झाले तेव्हा त्याची नजर गेली, आता थांबावं, असं लिहिलं गेलं. १९८२मध्ये चाळीस वर्षांचा झोफ इटलीचा कर्णधार होता. ब्राझीलविरुद्ध ३-२ अशी आघाडी, अगदी शेवटची मिनिटं, ऑस्करचा हेडर खाली कोपऱ्यात आला. झोफने तो रेषेवर दाबून धरला. ब्राझीलचे खेळाडू गोल म्हणून हात वर करत होते. पण चेंडूने रेषा ओलांडली नव्हती. सहा दिवसांनी त्याने कप उचलला. इजिप्तचा एसाम अल हदारी ४५ वर्षं १६१ दिवसांचा असताना २०१८मध्ये पहिल्यांदा विश्वचषकाच्या सामन्यात उतरला. आधीचे दोन सामने तो बाकावर होता. सौदी अरेबियाविरुद्ध तो खेळला, एक पेनल्टी अडवली, आणि संघ तरीही हरला.

पण इतकी वर्षं टिकायचं तर शरीराची किंमत मोजावी लागते, आणि मनाचीही. अमेरिकेची ब्रियाना स्करी १९९९च्या विश्वविजेत्या महिला संघाची कीपर. २०१०मध्ये एका सामन्यात डोक्याला मार बसला आणि तिची कारकीर्द तिथेच संपली. पुढची काही वर्षं डोकेदुखी, नैराश्य आणि पैशांची चणचण, इतकी की ऑलिंपिकची सुवर्णपदकं गहाण टाकावी लागली. हे तिने स्वतः मोकळेपणाने सांगितलं आहे. इटलीचा कीपर बुफॉन यानेही, ऐन भरात असताना २००३-०४च्या मोसमात नैराश्याशी झालेल्या झगड्याबद्दल नंतर सांगितलं, आणि तो पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. रॉबर्ट एन्केला ते सांगता आलं नाही. पुढच्या विश्वचषकात जर्मनीचा पहिला कीपर म्हणून ज्याचं नाव घेतलं जात होतं, त्याने नोव्हेंबर २००९मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, आयुष्य संपवलं. त्याचं आजारपण त्याने वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं, आणि त्यामागे जागा जाण्याची भीतीही होती. यावर मला अधिक लिहवत नाही.

जागा कशी हातची जाते याचं अलीकडचं उदाहरण इंग्लंडच्या मेरी अर्प्सचं. २०२३च्या महिला विश्वचषकात ती सर्वोत्तम कीपर ठरली, अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली. त्या स्पर्धेत इंग्लंडच्या बाकी खेळाडूंचे शर्ट चाहत्यांना विकत मिळत होते, कीपरचा शर्ट नायकीने विक्रीला काढलाच नव्हता. तिने जाहीर नाराजी व्यक्त केली, लाखाहून जास्त लोकांनी मागणीवर सह्या केल्या, शर्ट आले आणि लगेच संपले. मला त्या शर्टाचा आनंद विश्वचषकातल्या कुठल्याही गोलइतकाच झाला होता. दोन वर्षांत तिची जागा हॅना हॅम्प्टनकडे गेली, आणि युरो २०२५च्या काही आठवडे आधी अर्प्सने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. हॅम्प्टनने अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये पेनल्टी अडवल्या आणि इंग्लंड जिंकलं. अर्प्सने थांबून दुसरी कीपर म्हणून जायला हवं होतं असं बरेच जण म्हणाले. मी म्हणणार नाही. बाकावर बसण्याचं कामही पूर्ण मनाने करावं लागतं, आणि ते आता आपल्याच्याने होणार नाही हे ओळखून बाजूला होण्यात मला काही वावगं दिसत नाही.

आणि पेत्र चेक. कवटी जुळून आल्यावर जानेवारी २००७मध्ये तो परतला, आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक सामना डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळला. झेपावणं, समोरच्याच्या पायांत शिरून चेंडू काढणं, काही सोडलं नाही. २०१९मध्ये त्याने फुटबॉल सोडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिल्डफर्ड फिनिक्स नावाच्या एका छोट्या आइस हॉकी संघाकडून तो बर्फावर उतरला, तिथेही गोलमध्येच. पहिल्याच सामन्यात शूटआउटची वेळ आली. त्याने दोन फटके अडवले आणि संघ जिंकला.